स्वस्थ बसा

“सकाळी नाश्त्याला काय काय खाल्लं, सांगा बघू?”

छात्राध्यापकाने विचारलं आणि पाचवीच्या वर्गातले जवळजवळ सगळे हात वर गेले. मी शेवटच्या बाकावर, मांडीवर पाठनिरीक्षणाचा फॉर्म घेऊन बसले होते. “दूध, सर.” “सफरचंद, सर.” “अंडं, सर.” एका मुलीने तर सकाळी सकाळी पालकाची भाजी आणि कोशिंबीर खाल्ली होती. फळ्याशेजारी टांगलेल्या तक्त्यावर जे जे रंगवलं होतं, ते ते सगळं मुलांनी खाल्लं होतं. तेही जवळपास त्याच क्रमाने.

तिसऱ्या रांगेतला एक मुलगा मात्र म्हणाला, “चहा-बटर.” (बटर म्हणजे ब्रेडला लावायचं ते नव्हे. चहात बुडवल्याशिवाय दातांना दाद न देणारा तो गोल, कडक पाव.) सर हसले. प्रेमानेच हसले. मग वर्गाला विचारलं, “चहा पिणं चांगलं की वाईट?” वर्ग ओरडला, “वाईऽऽट!” “मग उद्यापासून काय प्यायचं?” “दूऽऽध!” मुलगा खाली बसला.

पाठ चांगला झाला होता. प्रस्तावना, हेतुकथन, तक्त्याचा वापर, फलकलेखन, शेवटी स्वाध्याय, सगळं पाठ टाचणात लिहिल्याप्रमाणे आणि घड्याळाबरहुकूम. मी 20 पैकी 18 गुण दिले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर ते 18 मला टोचायला लागले. कारण त्या पस्तीस मिनिटांत मुलं आहाराबद्दल जे शिकली ते तक्त्यावर होतंच. ते तिथून कधीही वाचता आलं असतं. तक्त्यावर नसलेली एक गोष्ट मात्र ती नक्की शिकली. आरोग्याच्या तासाला खोटं बोलायचं असतं. एकजण खरं बोलला आणि वर्गात वाईट ठरला.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अध्यापक विद्यालयात शिकवते. बारावी झालेली मुलं-मुली आमच्याकडे दोन वर्षांच्या डी.एल.एड.ला येतात आणि पहिली ते आठवीला शिकवायला तयार होऊन बाहेर पडतात, असं कागदोपत्री म्हटलं जातं. निम्मी मुलं टीईटीबरोबर पोलीस भरतीचीही तयारी करत असतात. पहाटे पाचला रस्त्याने धावणारी ही पोरं बघितली की वाटतं, आरोग्य शिकवायला यांच्याहून लायक कोण? आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय माझ्याकडे आहे. माझ्या हाताखालून गेलेले शिक्षक आज कितीतरी शाळांमध्ये ‘चांगल्या सवयी’ शिकवत असतील. म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही: जे मुलाच्या हातातच नाही, ते त्याला ‘सवय’ म्हणून शिकवायचा आपल्याला काय अधिकार आहे?

भागाकार चुकला तर चूक पाटीवर राहते. मुलाला त्याची लाज वाटली तरी ती पुसता येते. आरोग्याच्या तासाचं तसं नाही. तिथे मुलाचं उत्तर चुकतं तेव्हा त्याचं स्वयंपाकघर चुकलेलं असतं, त्याची आई चुकलेली असते, त्याच्या अंगाचा वास चुकलेला असतो. या विषयाचं पाठ्यपुस्तक म्हणजे मूल स्वतः. ते वर्गात उघडताना शिक्षकाने हात धुतलेत का, हे तपासायची आमच्याकडे काही पद्धत नाही.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते आहे, कारण माझे हात धुतलेले नव्हते.

1998 साली मी प्राथमिक शिक्षिका म्हणून लागले. परिपाठ संपला की रांगेतून फिरायचं, नखं बघायची, केस बघायचे, गणवेश बघायचा. अंघोळ न करता आलेल्यांना एका बाजूला उभं करायचं. मारायचे नाही मी. मारत नाही याचा मला अभिमानच होता. नुसतं बाजूला उभं करायचं आणि बाकीच्या मुलांना वर्गात पाठवायचं. 2003 चा उन्हाळा दुष्काळाचा होता. गावात टँकर यायचा. टँकरभोवती काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एवढंच समजावं की घागरीमागे भांडण असायचं. मी तालुक्याच्या गावाहून जाऊन-येऊन करायचे. माझ्या घरी नळ होता.

तिसरीतला एक मुलगा रोज बाजूला उभा असायचा. मग एके दिवशी तो रांगेत दिसला. केस ओले, भांग पाडलेला. मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. आठवडाभर तो असाच येत राहिला. पुढच्या सोमवारी मी लवकर पोचले, तर तो शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी उभा होता. ओंजळभर पाणी घेऊन ते केसांवरून फिरवत होता. फक्त केसांवरून. मानेवर कालची धूळ तशीच होती. मला बघितल्यावर तो पळाला नाही. त्याने हातातलं उरलेलं पाणी पुन्हा टाकीत सोडायचा प्रयत्न केला. वाया जाऊ नये म्हणून.

मी काय केलं असेल? काही बोलले नाही. तपासणी बंद केली नाही. फक्त त्याच्यासमोरून जाताना त्याच्या मानेकडे बघायचं टाळायला लागले. वर्षअखेरीला माझ्या वर्गाच्या स्वच्छतेबद्दल केंद्रप्रमुखांनी शेरा दिला होता, तो चांगला होता.

आता गुळाची गोष्ट. ती तुम्हाला माहीत असेलच. मुलगा फार गूळ खातो म्हणून आई त्याला एका साधूकडे नेते. साधू म्हणतो, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी तो मुलाला एवढंच म्हणतो, बाळ, गूळ खाऊ नकोस. आई विचारते, हे त्या दिवशीच का नाही सांगितलं? साधू म्हणतो, त्या दिवशी मीसुद्धा गूळ खात होतो. कुणी ही गोष्ट गांधीजींच्या नावावर सांगतं, कुणी रामकृष्णांच्या. आमच्या परीक्षेत ‘आरोग्य शिक्षणात शिक्षकाची भूमिका’ असा प्रश्न आला की निम्म्या उत्तरपत्रिकांना हा गूळ चिकटलेला असतो. शिक्षकाने आधी स्वतः आदर्श व्हावं, मग सांगावं. त्याच्या जोडीला ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या कोरड्या पाषाणाची म्हण.

मीही बरीच वर्षं ही गोष्ट शिकवली. आता मला ती पटत नाही. एक तर त्या मुलाच्या घरात गूळ होता. खायचा की नाही हे ठरवणं त्याला शक्य होतं. आणि दुसरं म्हणजे गोष्ट मुलाची नाहीच. ती साधूच्या शुद्धतेची आहे. मुलाने पुढे गूळ सोडला की नाही, हे मला आजवर कुणीही सांगितलेलं नाही.

शिवाय साधूचा नियम लावायचा तर आरोग्य शिकवायला उरेल कोण? मला नऊ वर्षांपासून डायबेटिस आहे. स्टाफरूममध्ये गोळी घेऊन मी ‘संतुलित आहार’ शिकवायला जाते, आणि वाढदिवसाचा पेढा आला की अर्धा खाते, हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींचं काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 15 ते 49 या वयातल्या शंभरातल्या 57 स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे ‘लोहयुक्त आहाराचे महत्त्व’ या घटकाचं टाचण काढणाऱ्या माझ्या मुलींपैकी निम्म्या तरी स्वतः फिकट असणार. त्यांनी आधी हिमोग्लोबिन बारा करून यावं आणि मग वर्गात शिरावं, असं म्हणायचं का?

आदर्शाच्या बाजूने बोलणारे गाडगे बाबांचं नाव घेतात. तेही आधी करायचे आणि मग सांगायचे. खरं आहे. गावात शिरले की खराटा हातात घ्यायचे, रस्ता झाडायला लागायचे, आणि रात्री कीर्तन. पण बाबांनी झाडलं काय? गाव झाडलं. स्वतःची स्वच्छता त्यांनी नमुना म्हणून कुणाला दाखवली नाही. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात फुटकं गाडगं. माझ्या 2003 च्या परिपाठात ते आले असते, तर मी त्यांना बाजूला उभं केलं असतं. आणि कीर्तनातही ते लोकांना प्रश्न विचारत राहायचे. समोरच्याला येत असलेलं उत्तर त्याच्याकडूनच वदवून घ्यायचे. घाण सगळ्यांची मिळून आहे, हे त्यांनी बोलायच्या आधी खराट्याने सांगून टाकलेलं असायचं. आमच्या चांगल्या सवयींच्या पाठात घाण नेहमी एकेका मुलाची असते.

शाळेत या गाडगेबाबा-पद्धतीच्या जवळ जाणारी एक जागा आहे, आणि गंमत म्हणजे ती आरोग्याच्या तासाबाहेर आहे. शालेय पोषण आहार. नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. शिजवणारी बाई भाषण करत नाही. आणि मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने ती खिचडी स्वतः खाऊन बघायची, चव नोंदवहीत सही करायची, असाही नियम आहे. अनेक ठिकाणी सही आधी होते आणि चव नंतर, किंवा चव होतच नाही, ते सोडा. पण नियम सुंदर आहे. गुळाच्या साधूने स्वतः सोडून दाखवलं. इथे शिक्षकाने तेच अन्न खायचं आहे.

त्या 18 गुणांनंतर मी एक बदल करून बघितला. आरोग्याच्या कुठल्याही पाठाच्या टाचणात एक जास्तीचा रकाना आखायला लावला: ‘हे कुणाच्या हातात आहे?’ रोज दात घासणं, मुलाच्या हातात. रोज दूध पिणं, घराच्या. म्हणजे खरं तर मजुरीच्या. शौचानंतर साबणाने हात धुणं, मुलाच्या, पण शाळेच्या संडासाशी नळ आणि साबण असला तर. म्हणजे मुख्याध्यापकांच्या, ग्रामपंचायतीच्या. भरपूर पाणी पिणं, ज्या शाळेत मुलींना जाण्याजोगं स्वच्छतागृह नाही तिथे मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत, मग हे कुणाच्या हातात? ज्याच्या हातात आहे त्यालाच सांगायचं. मुलाच्या हातात नसेल ते मुलाला सवय म्हणून सांगायचं नाही. माहिती म्हणून सांगायचं आणि तसं स्पष्ट म्हणायचं.

मला हे फार न्याय्य वाटत होतं. तोवर चहा-बटरवाला पाठ घेणारा तो छात्राध्यापक उठला. “मॅडम, मग शिकवायचं काय? सगळंच दुसऱ्याच्या हातात निघतंय.”

मी काहीतरी बोलायला लागले, तर तो थांबला नाही. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. तो स्वतः सहावीपर्यंत दर हिवाळा फडावर काढलेला मुलगा. “मला सातवीत एका सरांनी सांगितलं, रोज पळ. बूट नव्हते. सरांना ते दिसत होतं. ते म्हणू शकले असते की याला बूट नाहीत, याला कशाला सांगायचं. ते म्हणाले, अनवाणी पळ. ते जर रकाना भरत बसले असते, तर मी आज फडावर असतो.”

वर्ग गप्प झाला. मीही झाले. कारण तो बरोबर होता. मुलाच्या हातात काही नाही असं ठरवून टाकणं, हाही त्याला बाजूला उभं करण्याचाच एक प्रकार आहे. फक्त त्यात दयेचा आव असतो. त्याच्या सरांनी त्याचे अनवाणी पाय बघितले होते, आणि बघून सांगितलं होतं. मी 2003 साली ओले केस बघितले आणि टाळ्या वाजवल्या. आमच्या दोघांच्या सांगण्यात फरक कुठे पडतो, ते मला त्या रकान्याने कळलं नसतं. रकाना अजून आहे. त्याच्याखाली एक ओळ वाढवली आहे: ‘हे मला कसं कळलं?’ तक्त्यावरून कळलं की मुलाकडून.

इथे एका शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आरोग्य म्हणजे रोग नसणं. त्याहून मोठा शब्द आपल्याकडे स्वास्थ्य. स्वस्थ म्हणजे जो स्वतःत स्थिर आहे तो. किती चांगली कल्पना. पण शाळेत हा शब्द आपण कधी ऐकला? “स्वस्थ बसा रे!” हलू नका, बोलू नका, विचारू नका. आणि अस्वस्थ म्हणजे आपल्या मराठीत आजारी नव्हे. ज्याला काहीतरी खुपतंय, ज्याला गप्प बसवत नाहीये, तो. म्हणजे भाषेने आपल्याला सांगूनच ठेवलंय की शाळेला हवं असलेलं स्वास्थ्य कुठलं.

1925 साली मुंबईत गणिताचे एक प्राध्यापक असेच स्वस्थ बसेनात. र. धों. कर्वे. संततिनियमनाचं काम सोडा किंवा विल्सन कॉलेज सोडा, अशी वेळ आली. त्यांनी कॉलेज सोडलं. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते एक मासिक चालवत राहिले. खटले झाले, 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे फक्त मासिकाचं नाव हवं आहे. ‘समाजस्वास्थ्य’. शरीराबद्दल, तेही सगळ्यात खासगी गोष्टींबद्दल, बोलणाऱ्या मासिकाच्या नावात त्यांनी शरीर घातलं नाही, समाज घातला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, 2007 मध्ये, शाळांमधलं लैंगिक शिक्षण महाराष्ट्र सरकारने थांबवलं. पुढे 2020 मध्ये केंद्राने शालेय आरोग्याचा नवा कार्यक्रम आणला: प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि अकरा विषय. वाढीपासून मानसिक आरोग्यापर्यंत, व्यसनांपासून प्रजनन आरोग्य आणि इंटरनेटपर्यंत. विषय चांगले निवडले आहेत. ते शिकवताना मुलं काय विचारतील, हे मात्र कुठल्याही पुस्तिकेत आधी लिहून ठेवता येत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आमची एक छात्राध्यापिका आंतरवासितेसाठी एका जिल्हा परिषद शाळेत होती. आठवीच्या मुली, विषय किशोरावस्था आणि मासिक पाळी. मुलगे वेगळ्या वर्गात. आकृती काढली, नावं दिली, सॅनिटरी पॅडची विल्हेवाट सांगितली. “कुणाला काही शंका?” एक मुलगी उभी राहिली. ती पंधरा दिवसांपूर्वी कर्नाटकातल्या फडावरून परत आली होती.

“मॅडम, पिशवी काढली की पाळी येत नाही ना?”

ज्यांना हे कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांची मिळून मुकादमाकडून उचल घेतलेली असते. राहायला फडाजवळ कोपी. संडास नाही, पाण्याची सोय नाही. पहाटेपासून तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत कुठे बसायचं, कापड कुठे बदलायचं, आणि खाडा कसा परवडायचा? अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितलं गेलं, हे अनेकींनी सांगितलेलं आहे. 2019 मध्ये राज्य सरकारने याची समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून जास्त ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त स्त्रियांची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

त्या मुलीच्या प्रश्नात हे सगळं होतं, आणि नव्हतंही. तिने फक्त एक सोय विचारली होती.

आमची छात्राध्यापिका म्हणाली, “ते डॉक्टरांना विचारायचं हं.” आणि पाठ संपवला. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन रडायला लागली. “मॅडम, मला उत्तर माहीत होतं. हो. हो, येत नाही. पण हो म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, बरं झालं. आणि नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं.”

दोन तास आम्ही वर्गात याच एका प्रश्नावर घालवले. बाकीचा अभ्यासक्रम राहिला तो राहिलाच. कुणी म्हणालं, पिशवी काढणं चूक आहे असं स्पष्ट सांगायचं. कुणी म्हणालं, आठवीच्या मुलीला एवढं सांगायची गरजच नाही. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात वर्गात चार वाक्यं बोलली नव्हती, ती बोलली. “माझ्या आईची बी काढलीय. तेव्हा ती तिशीची असंल. मला वर्गात कुणी म्हणलं असतं की हे चूक आहे, तर मी त्या मॅडमचं तोंड परत बघितलं नसतं.” मग थोडं थांबून, “पण कुणी काहीच म्हणलं नाही, ते बी बरं नाही झालं. आईची कंबर दुखते तर आम्हाला वाटायचं, ऊस उचलून दुखते.”

इथे गुळाची गोष्ट कामाला येत नाही. स्वतः करून दाखवण्यासारखं यात काही नाही. रकानाही पुरत नाही. मुलीच्या हातात आज काही नाही. दहा वर्षांनी, तिचं लग्न होऊन ती कोयता धरेल तेव्हा, कदाचित असेल, कदाचित नसेल. तिला खरं सांगायचं तर तिच्या आईला गुन्हेगार न करता सांगायचं. आणि आईला सांभाळायचं म्हणून मुलीपासून खरं लपवायचं नाही. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत. आम्ही फळ्यावर वाक्यं लिहून, खोडून बघितली. शेवटी एक बसवली नाही, चार बसवली.

पुढच्या आठवड्यात ती त्या वर्गात परत गेली. मीही मागे बसले. ती म्हणाली, “परवा तुमच्यातल्या एकीने प्रश्न विचारला होता, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. मला भीती वाटली होती. उत्तर असं आहे. हो, पिशवी काढली की पाळी थांबते. ज्या बायांनी काढली, त्यांनी काहीतरी सोसूनच काढली असणार, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण पाळी हा आजार नाही, म्हणून पाळी बंद करायला पिशवी काढायची नसते. अंगावरून पांढरं जात असेल, पोटात दुखत असेल, तर पुष्कळदा गोळ्या-औषधांनी बरं होतं. कुणी कॅन्सरची भीती घातली तर सरकारी दवाखान्यात जाऊन दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तुमच्या घरात कुणाची काढलेली असेल आणि कंबर, हाडं दुखत असतील, तर डॉक्टरांना ते आठवणीने सांगायचं.”

पाचेक सेकंद कुणी हललं नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. “माझ्या मावशीची काढलीय.” “मॅडम, किती पैसे लागतात?” “आमच्या कोपीशेजारची एक बाई…” आणि ज्या मुलीने आधी प्रश्न विचारला होता, तिने आवाज चढवून विचारलं, “पण मग खाडा पडला तर?”

शेजारच्या वर्गातल्या बाईंनी दारातून डोकं घातलं. “काय चाललंय? स्वस्थ बसा गं!”

खाड्याचं उत्तर आमच्या चार वाक्यांत नव्हतं. ती म्हणाली, “खाडा धरणं बरोबर नाही. पण तो कसा बंद करायचा, हे मला माहीत नाही.” तेवढ्यात घंटा झाली. नंतर मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. हे टाचणात होतं का, विचारलं. नव्हतं. पालक आले तर काय सांगायचं, विचारलं. माणूस वाईट नाही. संडासाची टाकी स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून घेतलेला मुख्याध्यापक आहे. मी म्हटलं, माझ्याकडे पाठवा. अजून कुणी आलेलं नाही.

निरीक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘वेळेचे नियोजन’ असा एक मुद्दा असतो, ‘टाचणाप्रमाणे अध्यापन’ असा दुसरा. दोन्हींत तिचे गुण कापावे लागले. बेरीज 20 पैकी 15 झाली. चहा-बटरपेक्षा तीन कमी. ती बदलायचा मला मोह झाला होता, पण फॉर्म विद्यापीठाचा नाही, माझा नाही, परिषदेचा आहे, आणि बाकीच्या मुलांना मी याच मापाने मोजलं होतं. तिने काही तक्रार केली नाही.

आंतरवासितेच्या अहवालात शेवटी एक जागा असते, ‘आलेल्या अडचणी’. दरवर्षी सगळी मुलं तिथे एकच लिहितात: वेळ कमी पडला. तिनेही तेच लिहिलं होतं. मी सही केली.